आहे त्या रंगात

माणसाने कुठे बोलावं आणि कुठे गप्प बसावं, याचं ज्ञान अंगदला सतरा वर्षांच्या घरजावईपणात बऱ्यापैकी झालेलं होतं. (थोडक्यात सांगायचं तर, कुठेच बोलू नये.) सासरे सहादेव पुढच्या दारात बसले असले की हा मागच्या दाराने ग्रामपंचायतीत कामाला जायचा, आणि ते मागच्या दारी असले की पुढच्या. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं एसटी चालवली होती. गाडी चालू असताना मागून कुणी बोललेलं त्यांना खपत नसे, आणि घरात त्यांची गाडी कायम चालूच असे. अंगदला ते सतरा वर्षं ‘पाव्हणं’च म्हणत आले. आता सांगा, सतरा वर्षं एका घरात राहणारा माणूस कुठला पाहुणा?

तर अशा या अंगदने ज्या दिवशी गप्प बसायला कुणाचीच ना नव्हती, नेमकं त्याच दिवशी तोंड उघडायचं ठरवलं. तो दिवस म्हणजे सासऱ्यांचा दहावा.

सहादेव गेले ते मार्गशीर्षात. पाथर्डीच्या पूर्वेकडच्या आमच्या भागात मरायला हा महिना अगदी गैरसोयीचा. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, घरोघरी कुलपं, मागे राहिलेत ते म्हातारे आणि शेळ्या. सहादेवांच्या तिरडीला एका बाजूने अंगद आणि दुसऱ्या बाजूने पोस्टमन होता, मागचे दोघे असे की त्यांनाच धरायला माणूस लागावा. रडायलासुद्धा माणसं कमी पडली. एकुलती एक मुलगी, अंगदची बायको पुष्पावती, ती तर रडलीच नाही. भिंतीला टेकून बसली ती बसलीच. दहा दिवसांत तिने घास दोन घास खाल्ले असतील नसतील.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. (नदी म्हणजे वाळू. पाणी कॅनमध्ये घरून नेलेलं.) पिंड मांडला, सगळे लांब सरून उभे राहिले, आणि कावळा येईना. अर्धा तास गेला, तास गेला. कावळेही बहुतेक तोडीलाच गेले असावेत. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, ही गोष्ट आपल्याकडे शाळेत न शिकवताही सगळ्यांना येते. मग एकेक जण पुढे होऊन शब्द देऊ लागला. सहादेवांची थोरली बहीण कडूबाई म्हणाली, पुष्पीला अंतर देणार न्हाई. कुणी म्हणालं, देवळाचा कळस पुरा करतो. बाभळीवर एक कावळा येऊन बसला, त्याने पिंडाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

ऊन डोक्यावर आलं. भटजींनी दर्भाला हात घातला. म्हणजे आता दर्भाचा कावळा करून तोच पिंडाला शिववायचा. कायद्याने ते चालतं, पण गावात पुढे दहा वर्षं लोक म्हणतात, ‘त्यांच्यात कावळा शिवला नव्हता.’ पुष्पावतीने ते दर्भ पाहिले आणि तिचा चेहरा असा काही झाला की अंगदला ते बघवेना. तो पुढे झाला. काय बोलावं ते सुचेना. एवढ्यात त्याला मासा आठवला.

हा मासा सासूबाईंचा. छबूबाई नऊ वर्षांपूर्वी मढीच्या यात्रेला गेल्या आणि येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत एक लालकेशरी गोल्डफिश घेऊन आल्या. लोक यात्रेहून रेवड्या आणतात, यांनी मासा आणला. त्याच पावसाळ्यात त्या गेल्या. ‘मासा हाय तवर आई घरात हाय असं वाटतं,’ असं पुष्पावती एकदा म्हणाली, आणि त्या दिवसापासून सहादेवांनी माशाचा ताबा घेतला. काचेच्या टाकीचं पाणी तेच बदलत, तेही खोलीचं दार लावून. दुसऱ्या कुणी टाकीला हात लावलेला त्यांना चालत नसे.

तर अंगदने हात जोडले. आता तो पडला कारकून. उभा जन्म पंचनामे आणि दाखले लिहिण्यात गेलेला. साधं ‘मासा सांभाळीन’ म्हणाला असता तर भागलं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते असं: “मामा, तुमचा मासा मी सांभाळीन. आहे त्या स्थितीत, आहे त्या रंगात सांभाळीन. रंगातसुद्धा बदल होऊ देनार न्हाई.”

कावळा उतरला. सरळ पिंडावर.

माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. कडूबाईने डोळ्याला पदर लावला आणि जावयाचं ऐकलं गं बाई, असं म्हणाली. अंगदच्या अंगावर काटा आला. सतरा वर्षांत सासऱ्यांनी त्याचं ऐकल्याची ही पहिलीच वेळ होती. (मेल्यावर का होईना.) घरी आल्यावर पुष्पावतीने अर्धी भाकरी खाल्ली, आणि अंगदला वाटलं, आपण घर वाचवलं.

संक्रांतीच्या सुमाराला माशाच्या शेपटीजवळ पांढरा ठिपका दिसला.

अंगदला आधी वाटलं, भिंतीचा चुना पडलाय. काचेवर बोटाने टकटक केलं. चुना निघेना. आठवड्याने ठिपका पोटापर्यंत आला, आणि महिन्याने मासा असा दिसू लागला की जणू कुणी त्याला शेपटीकडून धुवायला काढलाय. अंगदच्या पाचावर धारण बसली. नदीवर, भटजींसमक्ष, अर्ध्या गावासमक्ष (उरलेलं अर्धं तोडीवर होतं) दिलेला शब्द, आणि तोही इतका तपशीलवार.

त्यात पुष्पावतीचं ते तसं. घरातलं सगळं ती करायची, पण बोलायची नाही. सकाळी आणि तिन्हीसांजेला टाकीपुढे बसायची आणि माशाशी काहीतरी पुटपुटायची. अकरावीला नगरला होस्टेलवर असलेल्या मुलीचा, ज्योतीचा, फोन आला तरी हूं हूं करायची. अंग तर असं उतरत चाललेलं की मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. अंगद रोज तिला दुपारची भाकरी वाढून ऑफिसला जायचा, परत येईपर्यंत ताट स्वच्छ असायचं, आणि बाई वाळतच होती. खाल्लेलं जातंय कुठे, हे त्याला कळेना.

हिला अजून माशाचं दिसलेलं नाही, एवढाच त्याला धीर. दिसायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. त्याने किसलेलं गाजर घालून पाहिलं. माशाने ते खाल्लं नाही, पाणी मात्र छान लाल झालं. मग त्याने टाकी खिडकीत ठेवली. पाणी तापलं आणि मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागला, तशी टाकी परत जागेवर आली. शेवटी त्याला एक युक्ती सुचली आणि त्याने टाकीवर देवघरातला लाल झिरोचा बल्ब लावला.

युक्ती झकास होती. लाल उजेडात मासा लालभडक दिसू लागला. पाणीही लाल, भिंत लाल, पुष्पावतीही लाल. रस्त्याने जाणारे आत डोकावून चप्पल काढू लागले. पुष्पावती बल्बबद्दल अवाक्षर बोलली नाही. अंगदला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता हा बल्ब माशाच्या नाहीतर आपल्या मरणापर्यंत असाच ठेवायचा.

पण आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. एका दुपारी कडूबाई भाचीला भेटायला आली, टाकीला हात जोडून उभी राहिली, आणि लाईट गेली. खिडकीच्या उजेडात मासा डोळ्यांपासून शेपटीपर्यंत दुधासारखा पांढरा. नशिबाने पुष्पावती तेव्हा घरात नव्हती. म्हातारीने पदराने काच पुसून पुन्हा पाहिलं.

“ह्यो उतरला की रं,” ती म्हणाली. “त्यो उतरला म्हंजी सहादेव नाराज हाय. वरीस भरायच्या आत त्यो कुनाला तरी बोलावून घेतो बघ.”

एरवी अंगद असल्या गोष्टींना हसला असता. पण त्याच्या डोळ्यांपुढे कोपरापर्यंत गेलेल्या बांगड्या आल्या. त्याला भीती वाटली, खरीखुरी. या घरात सासूबाई गेल्या, मामा गेले, आता हिचा नंबर लागला तर आपण कुणासाठी मागच्या दाराने जायचं आणि कुणासाठी पुढच्या? कडूबाईला त्याने हातापाया पडून गप्प राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पहिल्या एसटीने नगर गाठलं.

माळीवाडा स्टँडच्या मागे रंगीत माशांचं एक दुकान होतं. मालकीण पंकजाताई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, हातात जाळी. अंगदने त्यांना सगळं सांगितलं, अगदी कावळ्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या की यात काही झालेलं नाही, माशाचं वय झालंय. ही जात लहानपणी राखाडी, काळपट असते. मोठी होताना काळं जातं आणि केशरी उरतं. पुढे काहींचं केशरीही जातं आणि ते पांढरे होतात. कुणाचं जायचं आणि कुणाचं टिकायचं हे आईबापांकडून आलेलं असतं. अंधारात ठेवलं की जरा लवकर जातं, ऊन आणि चांगलं खाणं मिळालं तर थोडं टिकतं, इतकंच. मासा आजारी नाही, चांगला जगेल.

अंगदने विचारलं, रंग परत यायला काही औषध? नाही, त्या म्हणाल्या. गेला तो गेला.

“पण मी शब्द दिलाय हो,” अंगद म्हणाला.

“भाऊ, तुमचे केस पांढरे झालेत. म्हणून तुमच्या सासऱ्यांनी तुम्हाला बदललं का?”

बदलता आलं असतं तर त्यांनी केव्हाच बदललं असतं, हे त्या बाईंना कुठे माहीत? पण ‘बदल’ हा शब्द त्याच्या डोक्यात पक्का बसला. त्याने दुकानातल्या टाक्यांमधून छबूबाईंच्या माशाच्या रंगाचा मासा हुडकायला सुरुवात केली. तासभर हुडकला. हा जरा पिवळट, तो जरा गडद, असं करत शेवटी अगदी तोच लालकेशरी रंग मिळाला तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

पाडव्याच्या आधीचा आठवडा होता. पुष्पावती बाजाराला गेल्याचं पाहून त्याने लाल बल्ब काढला, पांढरा मासा जाळीने उचलून स्टीलच्या डब्यात घेतला आणि नवा टाकीत सोडला. खोली पुन्हा मामा असतानासारखी दिसू लागली.

आता प्रश्न पांढऱ्याचा. फेकवेना. शब्दाची दोन कलमं होती, हे कारकुनाच्या लक्षात आलं. एक, सांभाळीन. दोन, आहे त्या रंगात. दुसरं कलम टाकीतल्या नव्या माशाने पाळलं होतं. पहिल्यासाठी हा जगायला हवा. मळ्यात सासऱ्यांनी केलेलं शेततळं होतं, प्लॅस्टिक अंथरलेलं, भोवती तारेचं कुंपण, वर पाखरांसाठी जाळी. सहादेव असेपर्यंत तिकडे जायची अंगदला सोयच नव्हती. ते रोज सकाळी ‘मोटर बघून येतो’ म्हणून जायचे, आणि मोटर बघायला तास तास लावायचे.

डबा मोटरसायकलच्या हँडलला अडकवून तो पायी चालणाऱ्याच्या वेगाने निघाला. प्रत्येक खड्ड्याला पाणी उडून त्याची पँट भिजत होती. वेशीत सरपंच भेटले. त्यांनी पँटकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने काही विचारलं नाही.

तळ्याच्या काठाला उतरायला दोरीची शिडी होती. अंगद डबा घेऊन दोन पायऱ्या उतरला आणि त्याची सावली पाण्यावर पडली. त्याबरोबर तळातून काहीतरी वर आलं. आधी एक, मग दोन, मग आणखी दोन. पांढरे मासे होते. तळहाताएवढे, एक तर वीतभर मोठा. ते काठाशी येऊन, खायला मागणाऱ्या वासरांसारखे, तोंडं वर करून थांबले. अंगदने मोजले. चार. पुन्हा मोजले. पाच. त्याने डब्यात डोकावून पाहिलं. आपला डब्यातच होता.

एवढ्यात पाण्यावर भाकरीचा एक तुकडा येऊन पडला. ताजा.

“सोडा की त्याला,” मागून आवाज आला. “डब्यात गुदमरंल त्यो.”

पुष्पावती बांधावर उभी होती. बाजाराची पिशवी खांद्याला आणि हातात फडक्यात बांधलेली भाकरी. अंगदने सकाळी वाढलेली.

त्याने डबा तिरपा केला. पांढरा मासा पाण्यात गेला, जरा गोंधळला, आणि मग बाकीच्यांत मिसळून गेला. आता कोणता आपला ते सांगता येईना.

पुष्पावती काठावर बसली आणि भाकरी कुस्करून टाकू लागली. तीन महिन्यांत बोलली नव्हती तेवढं ती त्या दुपारी बोलली. तिचे आबा, म्हणजे सहादेव, दवाखान्यात होते तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांनी नाकावरचा मास्क काढून सगळं सांगितलं होतं. आईचा मासा दोन वर्षांतच पांढरा पडला. लेक म्हणत होती, मासा आहे तोवर आई आहे. मग तिला हा असा उतरलेला कसा दाखवायचा? म्हणून त्यांनी तो गुपचूप मळ्यात सोडला आणि नगरहून लाल आणला. तोही उतरला. मग तिसरा, मग चौथा, पाचवा. नऊ वर्षं हा माणूस दार लावून पाणी बदलत होता ते यासाठी. हात जोडून म्हणाले, पुष्पे, मी तुला फसवलं. तुझी आई मळ्यात हाय.

“ती बघा, ती थोरली,” पुष्पावतीने बोट दाखवलं. “ती आईची. दीस वर आला की मी येते. मला घास गिळत न्हाई, मग हितं टाकते. त्यांना तरी जाऊ द्या.”

अंगदला ताटाचा हिशेब लागला. पाच पांढऱ्या माशांनी त्याची बायको खाऊन टाकली होती, आणि तो घरी सहाव्याला गाजर किसत होता. तिने हे आपल्याला का सांगितलं नाही, असं त्याने विचारलं.

“दहाव्याला तुमी घरी आलात तवा पहिल्यांदा ताठ चालत हुता,” ती म्हणाली. “मला वाटलं, असू द्या.”

आणि मग ती रडली. बापासाठी, आईसाठी, पाच माशांसाठी, सगळं एकदमच. अंगद तिच्या शेजारी ओल्या पँटीने बसून राहिला. काय बोलावं ते त्याला सुचलं नाही, आणि या वेळी त्याने तोंड उघडलं नाही. उरलेल्या भाकरीतला एक घास त्याने तिच्यापुढे धरला. तिने तो खाल्ला. मग दुसराही खाल्ला. मासे तोंड वर करून बघत राहिले.

बऱ्याच वेळाने, ती डोळे पुसून उठू लागली तेव्हा, सतरा वर्षं मनात असलेली एक गोष्ट अंगदने विचारली. शेवटच्या दिवशी मामांनी इतकं सगळं सांगितलं, तर मग त्याच्याबद्दलही काही बोलले असतील का? एखादा शब्द.

“बोलले की,” पुष्पावती म्हणाली. “तुमचंच नाव हुतं शेवटी तोंडात.”

अंगदचा ऊर भरून आला. “काय म्हनले?”

“म्हनले, ह्यो बी पांढरा व्हईल. नवा आनायची पाळी आली तर तू सोता जा, पाव्हण्यांला धाडू नको. ते रंग बघतील, शेपटी बघायचे न्हाईत.”

घरच्या टाकीतला नवा मासा अंगदने डोळ्यांपुढे आणला. रंग त्याला बरोबर आठवत होता, अगदी छटेसकट. बाकीचं काही केल्या आठवेना.

“बाजारातून येताना मी घरी डोकावले,” पुष्पावती पिशवी उचलत म्हणाली. “दोन शेपट्या हायत त्याला.”